मदत हवी आहे: मेमरी कमी पडली की फाइलसिस्टिम अडकते, नोएफएसची (मेमरी मोकळी करताना फाइलसिस्टिमला हात लावू नये, या सूचनेची) हद्द कुठे आखावी?

नमस्कार मंडळी, लिनक्स कर्नलसाठी जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) असलेली एक छोटी फाइलसिस्टिम लिहितोय. एरवी सुरळीत चालते; पण क्यूईएमयू या आभासी मशीनमध्ये 256 एमबी रॅम देऊन ढीगभर फाइल्स एकदम तयार केल्या की सगळं ठप्प होतं आणि 120 सेकंदांनी हंग टास्कचा (अडकून पडलेल्या टास्कचा) इशारा येतो.

स्टॅकमध्ये कारण दिसतं. ट्रान्झॅक्शन (जर्नलमध्ये एकत्र नोंदवायच्या बदलांचा गट) उघडं असताना जीएफपी_कर्नल हा नेहमीचा फ्लॅग देऊन केमॅलॉक (कर्नलमधली मेमरीची मागणी) होतो, मेमरी नसल्यामुळे तोच टास्क डायरेक्ट रिक्लेममध्ये (स्वतःच मेमरी मोकळी करायला) शिरतो, तिथे आयनोड कॅशेची (मेमरीत ठेवलेल्या फाइल्सच्या माहितीची) छाटणी सुरू होते, आणि आयनोड काढताना माझाच कोड जर्नलचं लॉक पुन्हा मागतो. ते लॉक त्याच टास्कने आधीच धरलेलं असतं! लॉकडेप हा कर्नलचा लॉक-तपासनीसही एफएस_रिक्लेमचं नाव घेऊन हेच सांगतो.

जागोजागी जीएफपी_नोएफएस लिहिणं मला पटत नाही; रिक्लेम उगाच लंगडा होतो आणि ते का लिहिलं हे पुढे कुणालाच कळत नाही. कर्नल 4.12 मध्ये आलेली मेमॲलॉक_नोएफएस_सेव्ह आणि रिस्टोअर ही जोडी (दोन्हींच्या मधल्या कोडसाठी टास्कवर नोएफएसचा फ्लॅग लावणारी) बरी वाटते. पण सेव्ह ट्रान्झॅक्शन सुरू होताना करून कमिटनंतर रिस्टोअर करावं, की फक्त लॉकभोवती? शिवाय हा फ्लॅग टास्कपुरता असतो, आणि माझ्या कमिटचा काही भाग वर्कक्यूमध्ये (वेगळ्या कर्नल थ्रेडवर) चालतो. वर्कर फंक्शनच्या सुरुवातीला वेगळं सेव्ह केलं की भागेल, की डब्ल्यूक्यू_मेम_रिक्लेमही (मेमरी कमी असतानाही वर्कक्यू पुढे सरकेल याची हमी देणारा फ्लॅग) हवंच?

एक्सएफएस या लिनक्समधल्या फाइलसिस्टिमच्या कोडमध्ये नेमकं कुठे बघू, एवढं सांगितलंत तरी फार मदत होईल.