मदत हवी आहे: गल्लीत गतिरोधक किती उंचीचा करावा? रविवारपूर्वी उत्तर हवे

शुभदा_क:
नमस्कार. आमच्या गल्लीतून सकाळ-संध्याकाळ भरधाव वाहने जातात, त्यामुळे लहान मुलांना आणि ज्येष्ठांना घराबाहेर पडणे अवघड झाले आहे. रहिवाशांनी वर्गणी काढली असून येत्या रविवारी दोन गतिरोधक करून घेण्याचे ठरले आहे. ते सिमेंटचे करावेत की रबरी तुकडे बसवावेत, आणि उंची किती ठेवावी, एवढेच कृपया सांगावे. परवानगी घेण्याचा सल्ला नको आहे, कारण मुले रोज याच रस्त्याने शाळेत जातात आणि तोवर थांबणे शक्य नाही.

मोजपट्टी:
ताई, शहर कोणते, रस्ता किती रुंद आहे आणि तो महापालिकेचा आहे की सोसायटीच्या हद्दीतला, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. या गोष्टी कळल्याशिवाय उंची सांगणे योग्य होणार नाही.

जुना_कोथरूडकर:
रबरीच घ्या. आमच्या सोसायटीच्या आवारात ते बसवले आहेत, काम एका दुपारी झाले आणि आता मुले निर्धास्त खेळतात.

निशिगंध:
काका, आवारातील रस्ता आणि वाहता रस्ता यांत फरक आहे. वाहत्या रस्त्यावर रबरी तुकडे उखडतात आणि मागे राहिलेले बोल्ट दुचाकीच्या चाकाखाली येतात. मला मणक्याचा त्रास आहे आणि रिक्षातून जाताना प्रत्येक अचानक आलेला उंचवटा मला सोसावा लागतो, म्हणून कळकळीने सांगते की हे काम घाईत करू नका.

जुना_कोथरूडकर:
आपला त्रास मला मान्य आहे, परंतु मूल गाडीखाली आले तर त्याची भरपाई कशानेही होत नाही.

शुभदा_क:
पुणे, कोथरूड. कर्वे रस्ता आणि पौड रस्ता यांच्यामधली गल्ली आहे, म्हणजे रस्ता सार्वजनिक आहे. रुंदी साधारण सहा मीटर, पण एका बाजूला मोटारी उभ्या असतात. सिग्नल टाळण्यासाठी लोक इकडून वळतात. आता उंची सांगावी.

मोजपट्टी:
भारतीय रस्ते काँग्रेस, म्हणजे रस्तेबांधणीची मानके ठरवणारी संस्था, तिच्या मानकात ताशी २५ किलोमीटर वेगासाठी जो गोलाकार गतिरोधक दिला आहे, त्याची उंची १० सेंटीमीटर आणि वाहनाच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर आहे. त्यावर काळे-पांढरे पट्टे आणि ४० मीटर आधी सूचनाफलकही अपेक्षित आहे. वर्गणीतून एका दिवसात होणारा उंचवटा बहुधा अरुंद आणि उभट होतो, आणि रात्री तो न दिसल्याने कोणी पडले तर जबाबदारी तो करणाऱ्यांवर येऊ शकते. शिवाय पावसाच्या पाण्यासाठी कडेला जी फट सोडावी लागते, तिच्यातूनच दुचाकीस्वार वेग कमी न करता निघून जातात, म्हणजे ज्यांच्यासाठी खटाटोप करायचा त्यांतील बरेच जण सुटतात.

उत्रेख्तवासी:
मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथे १९७० च्या दशकात रस्त्यावर मुले दगावू लागली, तेव्हा पालकांनी आंदोलने केली. डेल्फ्ट शहरात रस्त्यात झाडे आणि बाके ठेवून गाड्यांना वळणे घेत जायला लावले गेले, आणि १९७६ मध्ये अशा रस्त्यांना कायद्यात स्थान मिळाले. आपण झाडांच्या कुंड्या ठेवून पाहाव्यात.

निशिगंध:
सहा मीटरच्या गल्लीत, जिथे एक बाजू आधीच मोटारींनी व्यापलेली आहे, तिथे कुंड्या ठेवल्या तर रुग्णवाहिका कुठून जाईल?

पदपथ:
शुभदाताई, उंचीपेक्षा पुरावा आधी गोळा करावा, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. रस्त्याच्या कडेला खडूने २५ मीटर अंतरावर दोन खुणा करा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचने वेळ मोजा: वाहनाने ते अंतर तीन सेकंदांत कापले तर वेग ताशी ३० किलोमीटर होतो, दोन सेकंदांत कापले तर ४५. हा फरक वरवर लहान वाटतो, परंतु ताशी ३० वेगाने जाणारी गाडी चालकाला भान येईपर्यंतच्या एका सेकंदात आठ मीटर पुढे जाते आणि ४५ वेगाने जाणारी साडेबारा मीटर, ब्रेक लागणे त्यानंतरचे. शाळेच्या वेळेतील अशा नोंदी, गल्लीचे छायाचित्र आणि रहिवाशांच्या सह्या जोडून क्षेत्रीय कार्यालय व वाहतूक शाखा या दोघांकडे एकाच मजकुराचा अर्ज द्या आणि संयुक्त पाहणीची मागणी करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार वेगमर्यादा कमी करता येते, तेही त्यात लिहा. पुणे महापालिकेचे २०१६ चे पादचारी धोरण आपल्या बाजूने आहे, त्याचा उल्लेख अवश्य करावा. माझे स्वतःचे मत असे आहे की गल्लीच्या तोंडाशी पदपथ सलग ठेवून रस्ताच त्याच्या पातळीला उचलावा, म्हणजे वळतानाच वेग मोडतो आणि मुलांना खाली उतरावे लागत नाही.

शुभदा_क:
धन्यवाद. रविवारचे काम पुढे ढकलण्यास मी शेजाऱ्यांना सांगते. सगळे ऐकतील असे नाही, पण आकडे समोर ठेवले तर चर्चा होईल. वर्गणीचे पैसे फलकासाठी वापरता येतील का?

मोजपट्टी:
वाहतुकीचा फलक आपण परस्पर लावू नये. वर्गणी तूर्त राखून ठेवावी. अर्जाचा मसुदा इथे टाकलात तर तपासून देतो. मात्र आणखी दोन गोष्टी आधी कळवा: शाळेचे फाटक गल्लीच्या कोणत्या टोकाला आहे, आणि मोटारी उभ्या असतात ती बाजू शाळेकडचीच आहे का?