काटा थंडच राहतो? आधी वायर तपासा

इंजिन गरम होऊनही तापमान मीटरचा काटा 'सी'वरच (थंड), म्हणून थेट मीटर बदलायला निघालात, तर थोडं थांबा. जुन्या गाड्यांत मीटरपेक्षा सेंडर (इंजिनचं तापमान मीटरला कळवणारा सेन्सर) आणि त्याची वायरच जास्त वेळा दगा देतात.

थर्मोस्टॅटच्या (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट, म्हणजे थंड ठेवणारं पाणी, रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) हाउसिंगजवळचा एका वायरचा सेंडर शोधा. (दोन पिनांचा बहुधा ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) असतो, त्याला हात लावू नका.) इग्निशन ऑन करून वायर काढा आणि इंजिनच्या उघड्या धातूला क्षणभरच टेकवा, जास्त वेळ धरलीत तर मीटर जळू शकतो. काटा 'एच'कडे (गरम) सरकला की मीटर आणि वायर ठीक, दोष सेंडरचा. हलला नाही तर वायर तुटलीय किंवा मीटर गेलाय. फ्युएल गेजही सोबत चुकत असेल तर डॅशमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर (दोन्ही मीटरना स्थिर व्होल्टेज देणारा भाग) बघा.

नवा सेंडर इंजिन थंड असतानाच बसवा. आट्यांवर टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू नका: सेंडरला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, ते तुटलं की काटा पुन्हा खाली. कूलंट कमी असेल किंवा हवा अडकली असेल तरीही रीडिंग फसवं येतं. आणि कूलंट पुरेसं असूनही हीटर कोमटच हवा देत असेल, तर काटा बहुधा खरं बोलतोय. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय.