आई हरिपाठ म्हणते, पण मावशींचा कप वेगळा

लेक_पुण्याची: आई रोज हरिपाठ म्हणते. पण कामाच्या मावशींचा कान तुटलेला कप खिडकीत वेगळा. विषय काढला की, "आमच्या देवाधर्मात नाक खुपसू नकोस." कसं बोलू?

जुना_वारकरी: यात देवधर्म कुठून आला? साने गुरुजी श्रद्धाळूच होते. १९४७ साली पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसले. त्याआधी गावोगाव फिरून लोकांची मनं वळवली (हे फिरणं सगळे विसरतात!). भांडू नका. हरिपाठ झाला की शेजारी बसा, हेच सांगा.

साधी_गोष्ट: आणि चहा तुम्हीच ओता. सगळे कप सारखे, एकाच ट्रेमध्ये.

लेक_पुण्याची: तो कप आजच टाकते. आई चिडेल, चिडू दे.