एकवीस, वीस एक आणि ‘तर्कसंगत’ हा शब्द

तळटीप:
संख्यांच्या नावांचा मुलांच्या गणितावर काय परिणाम होतो, याविषयी निरनिराळ्या देशांत झालेल्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या एका लेखाचा अनुवाद मी नुकताच एका शैक्षणिक मासिकासाठी केला. चिनी भाषेत एकवीसला ‘दोन-दहा-एक’ अशा अर्थाचे शब्द क्रमाने उच्चारतात, त्यामुळे त्यातले दशक किती आणि एकक किती हे ऐकताक्षणी कळते. अशा संख्यानामांसाठी मूळ लेखात ‘ट्रान्स्परन्ट’ हा शब्द होता. ‘पारदर्शक’ म्हटले की आपल्याला काच किंवा कारभार आठवतो, म्हणून मी ‘अन्वर्थक’ हा शब्द योजला. तो वाचकांना अडेल असे सांगून संपादकांनी त्या जागी ‘तर्कसंगत’ हा शब्द घातला. त्याशिवाय ‘काही अभ्यासांत असे आढळले’ या माझ्या वाक्याचे त्यांनी ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असे केले.

दुसरा बदल मी भांडून मागे घ्यायला लावला, पण पहिल्याबाबत मला नेमका पर्याय देता आला नाही. चिनी नावे तर्कसंगत म्हटली की आपली ‘एकवीस, बावीस’ आपोआप तर्कविसंगत ठरतात, आणि जे अभ्यासातून कळायला हवे ते विशेषणातच आधी सांगून टाकल्यासारखे होते. या अर्थाला कोणता मराठी शब्द वापरावा?

खडूफळा:
‘सुबोध’ म्हणावे. मी एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि त्यातली बरीचशी वर्षे दुसरीच्या वर्गावर होते. ‘पंचेचाळीस’ लिहायला सांगितले की दरवर्षी वर्गातली काही मुले ५४ लिहीत, ‘त्रेसष्ट’ सांगितले की ३६ लिहीत. ही मुले निर्बुद्ध नव्हती. कानावर आधी पाच पडतो म्हणून ती आधी पाच लिहीत, इतके साधे कारण होते. फळ्यावर ‘चाळीस आणि पाच’ असे दोन रंगांच्या खडूंनी लिहिले की त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडे, तो मी विसरू शकत नाही. आढळले म्हणा किंवा सिद्ध झाले म्हणा, ज्याने श्रुतलेखनाच्या वह्या तपासल्या आहेत त्याला यात शंका राहत नाही.

शब्दवेल्हाळ:
बाईंच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून एक हरकत नोंदवतो. ‘अन्वर्थक’ म्हणजे अर्थाला धरून असलेले, नावाप्रमाणे असलेले. त्या कसोटीवर ‘एकवीस’ हे नाव पूर्णपणे अन्वर्थक आहे, कारण त्यात एक आहे आणि वीसही आहे. बावीस हे द्वाविंशति, तेवीस हे त्रयोविंशति. ‘बेचाळीस’मधला ‘बे’ आणि ‘बे एके बे’ या पाढ्यातला ‘बे’ हे एकाच ‘द्वि’च्या घरातले आहेत, आणि तो पाढा मुले बेचाळीसपर्यंत मोजायला शिकण्याच्या सुमारास म्हणू लागतात. तेव्हा आपली संख्यानामे अन्वर्थक नाहीत हे विधान मला मान्य नाही. ती अन्वर्थक आहेत, फक्त आपण त्यांची फोड करून शिकवणे सोडून दिले आहे.

क्रमाबद्दल म्हणाल तर ‘अङ्कानां वामतो गतिः’ हे वचन आपल्याकडे फार जुने आहे. शब्दांनी संख्या सांगताना एककापासून आरंभ करून डावीकडे जायचे, ही भारतीय ज्योतिषग्रंथांतली रूढ रीत होती. तिला उलटी कोणी म्हणायचे?

उंबरठा:
इथे दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या जात आहेत, आणि तळटीप यांची अडचण मुळात तिथेच आहे असे मला वाटते. पहिली गोष्ट क्रमाची. जर्मन भाषेतही एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणतात, म्हणजे तिथे एकक आधी येतो, पण दोन्ही शब्द अखंड ऐकू येतात. दुसरी गोष्ट झिजेची. मराठीत एककही आधी येतो आणि शिवाय दोन्ही शब्द एकमेकांत मुरून झिजतात. ‘त्रेसष्ट’मध्ये तीनही ऐकू येत नाही आणि साठही ऐकू येत नाही. शब्दवेल्हाळ यांना त्यात त्रि आणि षष्टि दिसतात ते संस्कृत ठाऊक असल्यामुळे. सात वर्षांच्या मुलाला ते कसे दिसावेत?

अभ्यासांबद्दलही नेमके बोलले पाहिजे. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवरचा २००९ सालचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. ऐकलेली संख्या अंकांत लिहिताना या जर्मनभाषक मुलांच्या ज्या चुका झाल्या, त्यांतल्या जवळपास निम्म्या या क्रमाशी निगडित होत्या. चिनी आणि अमेरिकन बालकांची तुलना करणारा १९९५ सालचा अभ्यास सांगतो की दहापर्यंत मोजण्यात दोघांत फरक नव्हता आणि तो अकराच्या पुढे, म्हणजे इंग्रजी नावे जिथे वाकडी होतात तिथे, सुरू झाला. मात्र चीन आणि अमेरिका यांच्यात केवळ संख्यानामांचा फरक नाही, घर, शाळा, सराव असे सगळेच वेगळे आहे. म्हणून मला वेल्समधला २००८ सालचा अभ्यास जास्त मोलाचा वाटतो. तिथे एकाच देशात, एकाच अभ्यासक्रमात काही मुले वेल्श माध्यमात आणि काही इंग्रजी माध्यमात शिकतात, आणि शाळेतली वेल्श मोजणी चिनीसारखी सरळ आहे. तिथे एकूण अंकगणितात फरक आढळला नाही. दोन अंकी संख्या वाचणे आणि त्यांची तुलना करणे, एवढ्याच बाबतीत वेल्श माध्यमाच्या मुलांना थोडा फायदा दिसला.

हा निष्कर्ष किती मर्यादित आहे ते पाहा, आणि ‘तर्कसंगत भाषेमुळे गणित चांगले येते, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे’ हे वाक्य त्याच्या किती पुढे धावते तेही पाहा. शिवाय क्रम आणि झीज हे दोन्ही अडथळे एकत्र असलेल्या मराठीला जर्मन निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. खडूफळा यांच्या वह्यांतली ५४ ही चूक क्रमाची आहे. ‘त्रेसष्ट’ ऐकून मूल गप्प बसते, काहीच लिहीत नाही, ती झिजेची. या दोन्हींना एकच विशेषण दिले तर कोणता उपाय कशावर लागू पडला हे कधीच कळणार नाही.

तळटीप:
हे वेगळेपण माझ्या ध्यानात आले नव्हते. मग क्रमासाठी ‘विपर्यास’ म्हणावे का?

शब्दवेल्हाळ:
कृपया नको. विपर्यास म्हटले की बोलण्याचा भलताच अर्थ लावणे, हेच मराठी माणसाच्या मनात येते. ‘व्यत्यास’ म्हणावे.

खडूफळा:
व्यत्यास हा शब्द भूमितीत अडकलेला आहे. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास माध्यमिक शाळेतले प्रत्येक मूल शिकते. तोच शब्द इथे वापरला तर शिक्षकांचाच गोंधळ होईल. ‘व्युत्क्रम’ही चालणार नाही, कारण आपल्याकडे व्युत्क्रम कोन आहेत, आणि हिंदीत तर तो शब्द वेगळ्याच अर्थाने चालतो. सरळ ‘उलट क्रम’ म्हणावे. गणिताची परिभाषा आधीच जड आहे, ती शिकवणाऱ्याला पेलली पाहिजे.

शब्दवेल्हाळ:
‘उलट’ म्हणताच सुलट कोणते हे आपण ठरवून टाकतो. तर्कसंगत शब्दावर जो आक्षेप आहे तोच इथेही लागू होतो. ‘एकक-आधी’ आणि ‘दशक-आधी’ असे म्हणता येईल. ते सुंदर नाही, पण कोणावर निवाडा देत नाही.

काठावरचा:
मी निपाणीकडचा. आमच्या गल्लीत एका घरात ‘एकवीस’ आणि समोरच्या घरात ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात. कन्नडमध्ये इप्पत्तु म्हणजे वीस आणि ओंदु म्हणजे एक, म्हणजे दशक आधी. लहानपणी आम्ही दोन्ही घरांत खेळलो आणि दोन्ही तऱ्हांनी गोट्या मोजल्या. मला आठवते त्याप्रमाणे माझा गोंधळ झाला तो तिसरीकडेच. आजी अंडी मोजताना पस्तीस म्हणत नसे, ‘एक ईस नि पंधरा’ म्हणे, आणि साठाला ‘तीन ईस’. शाळेत मी साठाऐवजी ‘तीन ईस’ म्हणालो तेव्हा गुरुजींनी मला उभे केले होते. म्हणजे ‘मराठी संख्यानामे’ म्हणून आपण जी धरून बसलो आहोत ती प्रमाण मराठीची आहेत. आजीचे मोजणे यांतल्या कोणत्याच अभ्यासात येत नाही, आणि ते तर्कसंगत नव्हते असे मी कोणालाही म्हणू देणार नाही.

खडूफळा:
तुमच्या गुरुजींनी चूक केली असे मी शिक्षिका म्हणून सांगते. पण तुमच्या आजींची रीत ‘वीस एक’च्या बाजूचीच साक्ष देते. त्यासुद्धा मोठी राशी आधी आणि उरलेले नंतर सांगत होत्या.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ हे वाचन आले, तेव्हा किती गदारोळ झाला होता ते सर्वांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी शांतपणे बाजू मांडली होती की मुलांना जोडाक्षरे आणि उलटे वाचन जड जाते आणि दक्षिणेतल्या भाषांत हीच रीत आहे. जुनी नावे पुस्तकातून काढलेली नव्हती, दोन्ही होती. तरीही भाषा बुडाली, असा आक्रोश झाला आणि विषय विधिमंडळापर्यंत गेला. ज्यांनी कधी दुसरीच्या मुलाला ‘अठ्ठ्याण्णव’ वाचायला शिकवले नाही तेच त्यात पुढे होते, याचे मला आजही वाईट वाटते.

शब्दवेल्हाळ:
मीही तेव्हा विरोधात होतो आणि आजही आहे. माझा विरोध मुलांच्या सोयीला नाही. ‘वीस एक’ला मराठीत आधीच एक अर्थ आहे, हे त्या समितीला का जाणवले नाही, हा माझा प्रश्न आहे. ‘वीसएक माणसे आली होती’ म्हणजे अंदाजे वीस. ‘पन्नासएक रुपये लागतील’ म्हणजे पन्नासच्या आसपास. बाजारात ‘चाळीस एक द्या’ म्हटले तर दुकानदार एकेचाळीस मोजील का? अनिश्चितता सांगणारा एक जिवंत प्रयोग निश्चित संख्येला दिला, तर संख्यानाम सोपे झाले की आणखी अवघड, हे कोणत्या अभ्यासाने तपासले? परक्या भाषांवरचे निष्कर्ष उचलताना आपल्या भाषेत काय वसलेले आहे ते पाहायचे राहून जाते, ते असे.

उंबरठा:
‘वीसएक’चा मुद्दा मला पूर्णपणे पटतो, आणि तो कोणत्याही जर्मन किंवा वेल्श अभ्यासात सापडला नसता. ‘वीस आणि एक’ म्हटले तर मात्र ती अडचण उरत नाही. ‘आपल्या भाषाकुळात हे बसत नाही’ असा युक्तिवाद २०१९ मध्ये बऱ्याच जणांनी केला होता, तोही मला टिकाऊ वाटत नाही. सिंहली ही मराठीसारखीच संस्कृत-प्राकृत कुळातली भाषा आहे आणि तिच्यात एकवीसला ‘विसि एक’ म्हणतात. नॉर्वेने तर १९५१ साली अधिकृतपणे एकक-आधीची रीत सोडून दशक-आधीची घेतली, आणि त्याचे कारण शाळा नव्हती, दूरध्वनी होता. क्रमांक जोडून देताना चुका होत होत्या. तरीही लोकांच्या बोलण्यात जुनी रीत कित्येक वर्षे चालू राहिली. रीत बदलता येते, पण बदलण्याचे कारण आणि त्याची किंमत या दोन्ही गोष्टी उघड मांडल्या पाहिजेत.

काठावरचा:
आमच्याकडची मुले आता सेमी-इंग्रजीत आहेत आणि ‘फॉर्टी फाइव्ह’च म्हणतात. भाजीवाल्याने ‘पंचेचाळीस’ म्हटले की माझी पुतणी माझ्याकडे बघते. ज्या नावांसाठी आपण भांडत आहोत, ती या मुलांच्या तोंडी कशी राहतील, हा प्रश्न मला जास्त छळतो.

खडूफळा:
त्यासाठीच तर ती सोपी करायची.

शब्दवेल्हाळ:
त्यासाठीच ती नीट शिकवायची. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे ज्या घरात म्हटले जात, तिथे औट म्हणजे साडेतीन हे समजावून सांगावे लागत नसे. ‘अर्धचतुर्थ’ झिजत झिजत ‘औट’ झाले, म्हणजे चौथा अर्धा. झिजलेला शब्द अपारदर्शक असतो हे खरे, पण तोंडात बसला की तो हिशोबाला सर्वांत हलका असतो. झीज हा दोष मानायचा की वापराची खूण, हे आधी ठरवा.

तळटीप:
मला शनिवारपर्यंत मजकूर परत द्यायचा आहे. क्रमासाठी ‘एकक-आधी’ हे मी घेते. झिजेच्या उलट जे आहे, म्हणजे घटक ऐकू येणे, त्यासाठी ‘उकलणारी संख्यानामे’ असा शब्द सुचतो आहे, पण ‘न उकलणारी’ म्हटल्यावर पुन्हा कमीपणा येतो का?

खडूफळा:
येतो, थोडासा. तरी तर्कसंगतपेक्षा बरा. यावरून एक आठवण सांगते. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, असे करत नव्वदच्या पुढे गेलेली माझ्या वर्गातली एक मुलगी अठ्ठ्याण्णवनंतर ‘एकोणशंभर’ म्हणाली. सारा वर्ग हसला आणि मी ‘नव्याण्णव’ म्हणून तिला दुरुस्त केले. ‘एकोण’ म्हणजे एक कमी हे मी कधीच शिकवले नव्हते, ते तिने स्वतः हेरले होते.

शब्दवेल्हाळ:
आणि संस्कृतात ‘एकोनशत’ हे रूप आहेच! नव्याण्णव आले ते ‘नवनवति’वरून. मराठीने एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंत एक वाट धरली आणि शेवटच्या पायरीवर दुसरी का धरली, हे कोणी सांगू शकेल का?

उंबरठा:
ते मलाही जाणून घ्यायला आवडेल. पण ऑस्ट्रियातल्यासारखा चुका मोजणारा अभ्यास खडूफळा यांच्या वर्गात झाला असता, तर त्या मुलीचे ‘एकोणशंभर’ कोणत्या रकान्यात गेले असते?