कृष्णेचा महापूर : यंत्रणांचा समन्वय हवा की एकाच्या हाती अधिकार?

कृष्णाकाठ : ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. कोयना धरणाचा विसर्ग महाराष्ट्राचा जलसंपदा विभाग ठरवतो, कृष्णेवर पुढे असलेल्या अलमट्टी धरणाचे दरवाजे कर्नाटकाच्या हाती आहेत आणि स्थलांतराची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची असते. अलमट्टीचा विसर्ग वाढावा म्हणून तेव्हा ऐन पुरात महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांशी बोलावे लागले. जून २०२१ मध्ये दोन्ही राज्यांच्या जलसंपदा यंत्रणा पावसाच्या तोंडावरच एकत्र बसल्या, आणि मला हाच मार्ग योग्य वाटतो.

पूररेषा : तुमचे म्हणणे मला पटत नाही. त्या बैठकीनंतर महिनाभरातच महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस झाला आणि सांगलीत पुन्हा पाणी शिरले. पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीनेही २०१९ च्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडलेले नाही. समन्वयाच्या नावाखाली प्रत्येक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि पूररेषेतल्या बांधकामाला परवानगी कोणी दिली, हा प्रश्न मात्र कुणालाच विचारला जात नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांना दिलेच आहे. ते अधिकार पूर्णपणे वापरावेत आणि जाबही त्यांनाच विचारावा.

कृष्णाकाठ : पूररेषेबद्दल मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. पण सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश अलमट्टी असलेल्या विजयपूर जिल्ह्यात चालत नाही आणि सातारा जिल्ह्यातल्या कोयनेचे दरवाजेही ते उघडू शकत नाहीत. ढगफुटीसारखा पाऊस कोणतीही बैठक थांबवू शकणार नाही. मात्र विसर्गाचा आकडा काही तास आधी गावात पोहोचला, तर माणसे आणि जनावरे दिवसाउजेडी बाहेर काढता येतात.

वाळवेकर : दोघांच्याही बोलण्यात गाव शेवटी येते, याचे मला वाईट वाटते. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी गावकऱ्यांना नेणारी बोट उलटून अनेकांचा जीव गेला. ती बोट राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची नव्हती, गावातलीच होती. पुढे ज्या बैठका होतील, त्यांत पूरपट्ट्यातल्या ग्रामपंचायतींचे सरपंच, तलाठी आणि नाव चालवणारे यांना बसवले पाहिजे, कारण वेढा पडल्यावर पहिला निर्णय तेच घेतात.

पूररेषा : ही सूचना मला मान्य आहे. मात्र तिथे ठरलेल्या प्रत्येक कामापुढे एका अधिकाऱ्याचे नाव लेखी असावे, ही माझी अट कायम आहे.