तिसरी-चौथीकडून स्वतःचा चेहरा कसा काढून घ्यावा?

नवी_शिक्षिका, गुहागर
जिल्हा परिषदेची शाळा, तिसरी-चौथी मिळून २४ मुलं. ‘स्वतःचा चेहरा काढा’ म्हटलं की सगळ्यांचं चित्र एकच: छोटासा गोल, कपाळावर डोळे, नाकाच्या जागी दोन टिंबं. रंग म्हणजे खोक्यातली गुलाबी कांडी. आरसे दिले तर दातच बघत बसतात. तीन तासिका मिळणार आहेत, पोस्टर कलर आणि तेलखडू दोन्ही आहेत. पाऊस चालू आहे. क्रम कसा ठेवू?

रंगपेटी, मालवण
ताई, पहिल्या तासिकेत कागद देऊच नका. पाच मिनिटं वेडीवाकडी तोंडं करू द्या. ती हौस फिटल्याशिवाय मुलं निरखत नाहीत. मग आरसा दप्तराला टेकवून ठेवा, हातात धरला की हलतो. खिडकी मुलाच्या समोर किंवा बाजूला हवी, पाठीशी आली तर चेहरा काळोखात जातो. काचेच्या कडांना चिकटपट्टी लावाच.

आता एक डोळा मिटून, मान न हलवता, व्हाइटबोर्ड मार्करने आरशावरच चेहरा गिरवायचा. तो खऱ्याच्या जवळपास निम्मा उतरतो, आरसा जवळ असो की लांब. म्हणून १५ सेंमी उंचीचा आरसा पुरतो. त्यावर पट्टी ठेवून मोजायला लावा: टाळूपासून डोळे आणि डोळ्यांपासून हनुवटी, दोन्ही अंतरं साधारण सारखी निघतात. केसांखालचं डोकं मुलांच्या हिशेबात नसतं, म्हणून डोळे वर चढतात. स्वतः मोजलं की हे पक्कं बसतं, नुसतं फळ्यावर लिहून बसत नाही.

दुसऱ्या तासिकेत ए-फोर कागद उभा, चेहरा मुलाच्या एका वितीएवढा. कागदाची मधोमध घडी घालू नका; चेहरा कागदाच्या मधोमध येईलच असं नाही, मग डोळे पुन्हा चुकतात. आधी अंडाकृती, मग तिच्या निम्म्यावर फिकट रेघ. खोडरबर जपून. दमट कागद दोनदा खोडला की त्याचा पापुद्रा सुटतो.

चौकट, देवरुख
गुलाबी कांडी सगळ्या खोक्यांतून आधी काढून ठेवा. पिवळा दोन भाग, लाल एक भाग, मग निळा ब्रशच्या टोकावर येईल तेवढाच, असा तपकिरी होतो. निळा जास्त पडला तर सगळं काळपट होतं आणि सावरायला खूप पिवळा जातो. फिका करताना पांढऱ्यासोबत थोडा पिवळाही घाला, नाहीतर चेहरा राखाडी दिसतो. रंगाचा ठिपका कागदावर वाळू द्या, मगच मनगटाशेजारी धरून बघा. ओला रंग फसवतो.

या हवेत जाड थर दिवसभर चिकट राहतो. चित्रं एकावर एक ठेवलीत तर सोडवताना फाटतील. पातळ थर द्या, दोरीवर चिमट्याने लावा, पंखा चालू ठेवा. केस आणि मागची भिंत तेलखडूने, पण चेहरा वाळल्यावरच. तेलखडूवर पोस्टर कलर धरत नाही.

पिंगुळीजवळचा
प्रमाणाची सक्ती चौथीपुरती ठेवा. तिसरीच्या मुलानं स्वतःचा तीळ, पडलेला दात, कपाळावरचा भोवरा बघून काढला तर ते मला जास्त मोलाचं वाटतं. पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची लोककला, दाखवायची तर हे झाल्यावर दाखवा. तिथले मोठाले डोळे शैलीचे आहेत. आधी दाखवले तर मुलं तेच उतरवतात.

नवी_शिक्षिका, गुहागर
आभार. एक राहिलं: रंग कालवताना ‘तू काळा’ सुरू होतं.

चौकट, देवरुख
कालवायच्या आधीच ठरवा, प्रत्येकानं आपल्या रंगाला नाव द्यायचं: नाचणी, गूळ, सुपारी, काजूगर. नाव चित्रामागे लिहायचं. तरीही कोणी चिडवलं तर तिथेच थांबवा, पुढच्या तासावर ढकलू नका. आणि भिंतीवर लावताना नंबर देऊ नका, हजेरीच्या क्रमानं लावा.