'इस्लाम' म्हणजे शांती की समर्पण?

प्रश्न (चोपडा):
आमच्या वाचनालयात परवा असा वाद झाला की 'इस्लाम' या शब्दाचा अर्थ 'शांती' असा आहे. कोणी जाणकार नेमके सांगतील का?

उत्तर १ (धुळे):
अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे राहतात. येथे धातू स-ल-म असून त्याचा मूळ भाव अखंड, सुरक्षित असणे हा आहे. त्यातूनच शांतिवाचक 'सलाम' आला. 'इस्लाम' मात्र 'अस्लमा', म्हणजे स्वतःला स्वाधीन करणे, या क्रियापदाचे भाववाचक नाम असल्याने त्याचा थेट अर्थ समर्पण होतो, आणि समर्पण करणारा तो 'मुस्लिम'. जुन्या सातबाऱ्यावरील 'इनाम' हा शब्दही व्याकरणाच्या याच साच्यातला आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

उत्तर २ (भुसावळ):
हिब्रूतील 'शालोम' आणि आरामीतील 'श्लामा' हे याच धातूचे सख्खे भाऊ. 'मुसलमान' हे रूप आपल्याकडे फारसीतून आले. प्रवासाहून परतलेल्या मुलाला आजी 'सहीसलामत आलास' म्हणते, तेव्हा त्या धातूचा सर्वांत जुना अर्थच तिच्या तोंडी असतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. म्हणजे शांती हे नाते झाले, अर्थ नव्हे. रविवारी वाचनालयात हेच मांडतो.